दोन बल्ब, एक सराव पाठ: फसलेल्या प्रयोगाचं पुढे काय केलं

पार्श्वभूमी

माध्यमिक शाळेसाठी विज्ञान शिक्षक घडवणाऱ्या एका अभ्यासक्रमातलं हे प्रकरण आहे. व्यक्ती आणि संस्था ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. पाठात काय घडलं ते मात्र निरीक्षणाच्या टिपणांवरून आणि नंतरच्या चर्चांवरून जसंच्या तसं मांडलं आहे.

छात्राध्यापिका वनस्पतिशास्त्राची पदवीधर. अभ्यासू, आवाज स्वच्छ, अक्षर सुरेख. पहिल्या काही सराव पाठांत तिला चांगले शेरे मिळाले होते. माध्यमिक स्तरावर विज्ञान हा एकच विषय धरला जातो, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला वीज शिकवावी लागते आणि भौतिकशास्त्राच्या पदवीधराला पेशी. तिने भौतिकशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षानंतर सोडलं होतं. पाठाचा घटक होता विद्युत परिपथातली एकसर जोडणी (बल्ब एकाच वाटेवर एकापुढे एक जोडणं), वर्ग आठवी, ‘अ’ तुकडी.

मागच्या बाकावर दोघं बसले होते: महाविद्यालयाचे मार्गदर्शक आणि शाळेत हा विषय शिकवणाऱ्या शिक्षिका. दोघांच्या हातात निरीक्षण पत्रिका. पत्रिकेतले मुद्दे नेहमीचेच होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयज्ञान, शैक्षणिक साधनांचा वापर, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, वर्गनियंत्रण, मूल्यमापन.

पाठात काय घडलं

पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, नीटनेटकं होतं. दोन विद्युतघट, एक कळ आणि टॉर्चचे दोन बल्ब लाकडी पाटीवर एकसर जोडणीत बसवायचे, कळ दाबायची, दोन्ही बल्ब सारखेच प्रकाशतात हे दाखवायचं आणि त्यावरून विद्युतधारा परिपथात सगळीकडे सारखी असते या निष्कर्षावर यायचं. आदल्या दिवशी तिने हा प्रयोग दोनदा करून पाहिला होता. पाठाच्या सकाळी एक बल्ब गेला. तिने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या डब्यातून दुसरा घेतला, लावला, तो लागतो एवढं पाहिलं आणि वर्गात गेली.

कळ दाबली. घटाच्या धन टोकाकडचा बल्ब छान उजळला. दुसऱ्याची तार नुसतीच लालसर झाली.

तिने बल्ब घट्ट फिरवले, तारांची टोकं दाबून पाहिली. फरक पडेना. तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पहिला बल्ब करंट खातो. दुसऱ्याला उरलेला मिळतो.” वर्ग हसला. ती म्हणाली, “तसं नसतं. बल्ब जुना आहे म्हणून असं दिसतंय. दोन्ही सारखेच प्रकाशतात असं धरून चालू या.” मुलगा पुटपुटला, “पण दिसतंय ना.” त्यावर ती काही बोलली नाही. फळ्यावर तिने ठळक अक्षरांत निष्कर्ष लिहिला आणि विचारलं, “म्हणजे विद्युतधारा सगळीकडे सारखीच असते ना?” वर्गाने एका सुरात होकार भरला.

फळ्यावरच्या आकृतीत मार्गदर्शकांना आणखी एक गोष्ट दिसली. विद्युतधारेची दिशा दाखवायला तिने बाण काढले होते. पहिल्या बल्बाच्या आधीचा बाण लांब आणि जाड, दोन बल्बांमधला त्याहून लहान, शेवटचा अगदी बारीक. शेजारीच लिहिलेलं वाक्य मात्र ‘सर्वत्र समान’. निष्कर्ष पुस्तकातला होता आणि बाण तिच्या मनातले. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात बोलका पुरावा हा बाणांचाच आहे.

पहिला निर्णय: मध्येच बोलायचं की नाही

सराव पाठ चालू असताना मागे बसलेल्या माणसाने कधी तोंड उघडावं याबद्दल दोन टोकाची मतं आढळतात. चुकीची माहिती मुलांपर्यंत जात असेल तर तिथल्या तिथे थांबवावं, कारण मुलं कुणाच्या प्रशिक्षणाचं सामान नव्हेत, असं काही जण म्हणतात. दुसऱ्यांचं म्हणणं असं की एकदा का मुलांसमोर टोकलं की तो वर्ग त्या छात्राध्यापकाचा राहत नाही, आणि तो स्वतः पुढच्या पाठात प्रयोगाच्या वाटेलाच जात नाही.

मार्गदर्शकांनी मधला मार्ग काढला. फळ्यावरचं वाक्य बरोबर होतं, धोक्याचं काही नव्हतं, त्यामुळे ताबडतोब हस्तक्षेप करायची निकड नव्हती. रासायनिक प्रयोगात चुकीचं आम्ल हातात असतं तर गोष्ट वेगळी होती. पाठ संपायला थोडा वेळ असताना त्यांनी तिला चिठ्ठी पाठवली: मूल्यमापनात एक प्रश्न वाढवा आणि उत्तरं कागदावर घ्या. प्रश्न असा होता. आकृतीत तीन जागा: पहिल्या बल्बाच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये, दुसऱ्या बल्बाच्या नंतर. विद्युतधारा कुठे सगळ्यात जास्त? का?

कागद गोळा झाले. तोंडी विचारल्यावर ‘सगळीकडे सारखी’ म्हणणाऱ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं की पहिल्या बल्बाच्या आधी धारा जास्त असते. कारण जवळपास एकच: बल्ब थोडी वापरतो. काहींनी तर ‘प्रयोगात दिसलं’ असंच लिहिलं होतं, आणि त्यांना खोटं म्हणता येत नव्हतं.

अडचण नेमकी कुठली

वरवर पाहिलं तर अडचण बल्बाची होती. बल्ब बदलला, प्रयोग फसला. पुढच्या वेळी साहित्य नीट तपासा, असा शेरा मारून विषय संपवता आला असता. शाळेतल्या शिक्षिकांनी पत्रिकेवर साधारण तेच लिहिलं होतं. वर्गनियंत्रण आणि फलकलेखन या दोन्हींना त्यांनी वरचा शेरा दिला होता. एकूण पाठ ‘चांगला’.

खाली आणखी तीन अडचणी दडल्या होत्या.

पहिली मुलांच्या कल्पनेची. विद्युतधारा बल्बात ‘खर्च’ होते ही समजूत जगभर आढळते. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांशी बोलून परिपथाबद्दलच्या त्यांच्या कल्पनांचे प्रकार मांडले. घटाच्या एकाच टोकाकडून धारा येते आणि बल्बात संपते. दोन्ही टोकांकडून येऊन बल्बात आदळते. एका बाजूने जाऊन परतताना कमी होते. आणि शेवटी विज्ञानाला मान्य असलेली, सगळीकडे सारखी. तिसरी कल्पना फार चिवट असते. मागच्या बाकावरचा मुलगा तिचाच पुरस्कर्ता होता आणि त्या दिवशी प्रयोगानेही त्याचीच बाजू घेतली.

दुसरी अडचण छात्राध्यापिकेच्या स्वतःच्या कल्पनेची. तिसरी पत्रिकेची. विषयज्ञान या रकान्यात बोललेली आणि लिहिलेली विधानं बरोबर आहेत का एवढंच पाहिलं जातं, आणि तिची विधानं सगळी बरोबर होती. अनपेक्षित निरीक्षण आल्यावर शिक्षकाने त्याचं काय केलं, हे लिहायला पत्रिकेत जागाच नव्हती.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये शिक्षकाच्या ज्ञानातला एक वेगळा भाग दाखवून दिला: विषय येणं आणि शिकवण्याच्या पद्धती येणं यांच्या मधला, हा विशिष्ट घटक मुलांना कुठे अडतो आणि तिथे काय करायचं हे जाणण्याचा. शिक्षणशास्त्राच्या तासाला हे सगळ्यांना शिकवलं जातं, परीक्षेत त्यावर टीपही लिहून होते. प्रत्यक्षात मात्र विषय एका प्राध्यापकाकडे आणि पद्धती दुसऱ्याकडे, आणि मधला भाग छात्राध्यापकाने आपल्या आपण जुळवून घ्यावा अशीच अपेक्षा असते.

पाठानंतरची चर्चा

चर्चेला छात्राध्यापिका बरीच खजील होऊन आली. सुरुवात तिनेच केली. “सर, बल्ब खराब निघाला. आदल्या दिवशी व्यवस्थित चाललं होतं.”

मार्गदर्शकांनी कारण सांगितलं नाही. पाटी समोर ओढली आणि विचारलं, “दोन्ही बल्बांच्या जागा बदलल्या तर काय होईल? आधी लिहा, मग करू.”

आधी लिहा, मग करून पाहा, मग दोन्हींत फरक का पडला ते सांगा, ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी रूढ केली. ती मुलांसाठी सांगितली जाते. शिक्षक होऊ घातलेल्यांना ती स्वतःवर वापरायला लावणं विरळाच.

तिने लिहिलं: पहिल्या जागेवरचा बल्बच जास्त उजळेल. मग वर पाहून म्हणाली, “नाही, दोन्ही सारखे उजळायला हवेत. पण मला वाटतं पहिलाच उजळेल.” मार्गदर्शक म्हणाले, “दोन्ही वाक्यं राहू द्या.”

जागा बदलल्या. उजळ बल्ब दुसऱ्या जागेवर गेला आणि तिथेही उजळच राहिला. लालसर बल्ब आता पहिल्या जागेवर, ‘सगळा करंट’ मिळत असूनही लालसरच.

यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिने बल्ब काढून पितळी टोपीवरची बारीक अक्षरं वाचली. एकावर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर, दुसऱ्यावर २.५ व्होल्ट, ०.२ अँपिअर. “म्हणजे बल्ब वेगळे आहेत!” आणि लगेच, “पण मग ०.३ वाला जास्त उजळायला नको का?”

हा प्रश्न चांगला होता, कारण उत्तर सोपं नाही. दोन्ही बल्ब एकेक करून घटांना जोडले तर ०.३ चाच जास्त उजळतो. त्याची शक्ती ०.७५ वॅट, दुसऱ्याची ०.५. एकसर जोडणीत मात्र दोघांतून धारा एकच जाते, आणि तेव्हा ज्याचा रोध (धारेला होणारा अडथळा) जास्त त्याच्या वाट्याला विभवांतर (व्होल्टेज) जास्त येतं. नेमून दिलेल्या विभवांतराला ०.२ च्या बल्बाचा रोध साडेबारा ओहम, ०.३ च्या बल्बाचा सव्वाआठच्या आसपास. म्हणून इथे ०.२ चा बल्ब बाजी मारतो. त्यात फिलामेंट थंड असताना रोध कमी आणि तापल्यावर बराच वाढतो, म्हणजे मंद बल्ब आणखीच मंद राहतो.

तिने आकडेमोड बिनचूक केली. सूत्रं तिला येत होती. आकडेमोड संपल्यावर मार्गदर्शकांनी फळ्याच्या आकृतीची प्रत पुढे केली आणि बाणांवर बोट ठेवलं. ती हसली, मग गंभीर झाली. “सर, ऊर्जा तर खर्च होतेच ना? मग काहीतरी कमी व्हायलाच पाहिजे.”

मागच्या बाकावरच्या मुलाचं म्हणणंही हेच होतं, फक्त त्याला ऊर्जा हा शब्द सुचला नव्हता. आणि दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. परिपथात काहीतरी खर्च होतंच. ते कुठे मोजायचं एवढाच प्रश्न. मार्गदर्शकांनी तिला मल्टीमीटर दिला आणि प्रत्येक बल्बाच्या दोन टोकांमधलं विभवांतर मोजायला सांगितलं. उजळ बल्बावर दोन व्होल्टच्या आसपास, लालसर बल्बावर एकाच्या आसपास, बेरीज जवळपास घटांइतकी. वाटून संपतं ते हे विभवांतर. प्रभार तितकेच आत येतात आणि तितकेच बाहेर पडतात.

समोर असलेले पर्याय

दोन दिवसांनी ‘ब’ तुकडीत हाच पाठ होता. ‘अ’ तुकडीची मुलं चुकीच्या समजुतीसह पुढच्या घटकाकडे निघाली होती. चर्चेत पाच पर्याय पुढे आले.

सारखे बल्ब आणून तोच पाठ ‘ब’ तुकडीत करायचा. सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. प्रयोग जमला असता, पत्रिकेवर शेरा सुधारला असता. मुलांची समजूत कितपत हलली असती याबद्दल मला शंका आहे, कारण सारखे बल्ब सारखे उजळताना पाहूनही ‘थोडाच खर्च होतो, दिसत नाही एवढा’ असं मुलं बिनदिक्कत म्हणतात.

तिला भौतिकशास्त्राची उजळणी द्यायची आणि तोवर जीवशास्त्राचेच पाठ द्यायचे. शाळेतल्या शिक्षिकांचा कल इकडे होता. त्यांचा मुद्दा असा की मुलांचं नुकसान होता कामा नये. अडचण एवढीच की सूत्रं तिला आधीच येत होती. उजळणीतून तीच पुन्हा आली असती.

प्रयोगाऐवजी संगणकावरचं अनुरूपण (सिम्युलेशन) दाखवायचं. हा तिचा स्वतःचा प्रस्ताव. कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातलं परिपथाचं अनुरूपण तिला ठाऊक होतं. तिथे बल्ब आदर्श असतात, फिरणारे प्रभार डोळ्यांना दिसतात, काही फसत नाही. साधन उत्तम आहे, यात वाद नाही. पण टेबलावरचा प्रयोग फसल्यावर लगेच पडद्याकडे धाव घेतली की मुलं जे शिकतात ते असं: खरं ते पडद्यावर, टेबलावर दिसतं ते सोडून द्यायचं. मार्गदर्शकांनी ते नंतरच्या तासासाठी राखून ठेवायला सांगितलं.

‘ब’ तुकडीचा पाठ अनुभवी शिक्षिकांनी घ्यावा आणि तिने बघावं. हा पर्याय वाईट नव्हता. शिक्षिकांना त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून तो तिथेच मिटला.

शेवटचा पर्याय, वेगवेगळे बल्ब मुद्दाम वापरायचे. जो प्रयोग ‘फसला’ तोच पाठाच्या मध्यभागी आणायचा.

दुसरा निर्णय: क्रम कोणता

शेवटचा पर्याय ठरला, पण तो कसा अमलात आणायचा यावर दोघांचं एकमत नव्हतं. मार्गदर्शकांचं मत: आधी सारखे बल्ब, म्हणजे मूळ नियम पक्का होईल, नंतर वेगळे बल्ब दाखवून गुंता सोडवायचा. छात्राध्यापिकेचं मत उलट: “सर, मुलं अडली ती वेगळ्या बल्बांवर. मीही तिथेच अडले. तिथूनच सुरू करते.”

मार्गदर्शकांनी तिचं ऐकलं. पटलं म्हणून नव्हे, असं त्यांनी नंतर सांगितलं, तर पाठाचा क्रम तिने स्वतः कारण देऊन ठरवण्याची ही पहिलीच वेळ होती म्हणून. नियम आधी की कोडं आधी, हा वाद मला तरी इथे सुटलेला दिसत नाही. कोडं आधी ठेवलं की वेळ जातो; ते पुढे दिसलंच.

टाचणात तिने तीन बदल केले. प्रत्येक प्रयोगाआधी मुलांनी अंदाज कागदावर लिहायचा. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचं. अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तिसरा बदल, मूल्यमापनाचा प्रश्न फळ्यावर नसलेल्या परिपथावरचा ठेवायचा.

‘ब’ तुकडीतला पाठ

पहिला बल्ब उजळला, दुसरा लालसर. कारणं मागितल्यावर ‘अ’ तुकडीत आली होती तीच इथेही आली. तिने ती फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून घेतली. कुणालाही चूक म्हणाली नाही, बरोबरही म्हणाली नाही. “यातलं कुठलं खरं, हे कसं तपासाल?”

शांतता. ती थांबली. मार्गदर्शकांच्या टिपणात इथे ‘थांबली, बरंच’ एवढंच आहे. मग एक मुलगी म्हणाली, “बल्ब बदलून बघू.” तिच्या मागोमाग दुसरी म्हणाली, “मॅडम, सेल उलटे घालून बघू या ना. म्हणजे करंट दुसऱ्या बाजूने येईल.”

घट उलटे घालणं टाचणात नव्हतं. छात्राध्यापिकेने मागे मार्गदर्शकांकडे पाहिलं. ते वहीत बघत राहिले. तिने घट काढले, उलटे घातले, कळ दाबली. काहीच बदललं नाही. उजळ तो उजळ, लालसर तो लालसर. माझ्या मते ही चाचणी टाचणातल्या चाचणीपेक्षा सरस ठरली: बल्बांना हात न लावता ‘पहिला’ कोण हेच बदललं, आणि प्रकाशात फरक पडला नाही. त्यानंतर बल्बांची अदलाबदल झाली, टोपीवरची अक्षरं वाचली गेली आणि डब्यातून दोन सारखे ०.३ चे बल्ब आले.

मग मल्टीमीटर, १० अँपिअरच्या श्रेणीवर, कारण धारा ०.२ अँपिअरच्या वर जाणार हे तिने आधी पाहून ठेवलं होतं आणि छोट्या श्रेणीवर फ्यूज उडाला असता. पहिल्या बल्बाच्या आधी ०.२२. दोन बल्बांच्या मध्ये ०.२१. नंतर ०.२१.

“बघा मॅडम, ०.०१ खाल्ला!”

हा क्षण कुणीच धरला नव्हता. शेवटच्या आकड्यातला एवढासा फरक मोजमापात असायचाच, पण मुलांच्या सिद्धान्ताला तो तंतोतंत लागू पडला. ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून पुढे जाणं सोपं होतं. तिने नंतर सांगितलं की तोंडावर तेच आलं होतं. त्याऐवजी तिने विचारलं, “बल्ब खात असेल, तर मीटर पुन्हा पहिल्या जागी लावल्यावर किती दाखवेल?” वर्गाने ०.२२ सांगितलं. मीटर पुन्हा पहिल्या जागी लागला. ०.२१. कळ दाबलेली राहिली की घटांचं विभवांतर किंचित उतरतं, म्हणून सगळीकडचीच धारा थोडी घटते, हे मुलांना एका वाक्यात कळण्यासारखं नव्हतं. पण आकडा जागेवर अवलंबून नाही, एवढं त्यांना दिसलं.

तास संपला तेव्हा टाचणातली दोन उद्दिष्टं तशीच राहिली होती. विभवांतर मोजायचं राहिलं. रोधाचं सूत्र आलंच नाही.

तिसरा निर्णय: ‘अ’ तुकडीचं काय

शाळेतल्या शिक्षिका म्हणाल्या, “मी सांगून टाकते त्यांना. तुम्ही परत उभ्या राहून ‘माझं चुकलं’ म्हणालात तर पुढच्या पाठाला वर्ग हातात राहणार नाही.” त्यांचं म्हणणं अनुभवातून आलं होतं. मार्गदर्शकांचं मत पडलं की ज्याने गाठ मारली त्याने सोडवावी, मात्र माफी मागायची गरज नाही. शेवटी शिक्षिकांनी आपल्या तासातली पंधरा मिनिटं दिली.

छात्राध्यापिका पाटी घेऊन गेली आणि थेट मागच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढे बोलावलं. “त्या दिवशी तू म्हणालास, पहिला बल्ब करंट खातो. मी ते तपासलंच नव्हतं. आज तू तपास.” त्याने घट उलटे घातले, बल्ब बदलले, टोपी वाचली. जाता जाता विचारलं, “करंट संपत नाही, तर मग सेल का संपतो?”

तिने उद्या सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी शिक्षिकांनीच तिला तासाच्या सुरुवातीला बोलू दिलं: घट म्हणजे विद्युतधारेचं कोठार नाही, त्यातल्या रासायनिक पदार्थांच्या अभिक्रियेतून ऊर्जा मिळते, आणि अभिक्रिया होण्यासारखे पदार्थ उरले नाहीत की घट संपतो.

निष्पन्न

काही आठवड्यांनी दोन्ही तुकड्यांना कागदावर पुन्हा प्रश्न दिले. वर्गात पाहिल्यासारखाच परिपथ होता तिथे ‘ब’ तुकडीतली बहुतेक मुलं बरोबर होती. आकृतीत एका बल्बाच्या जागी रोधक (धारेला अडथळा करणारा घटक) दाखवला, किंवा तोच परिपथ उभा-आडवा वळवून काढला, की जुनी कल्पना बऱ्याच जणांकडे परत आली. ‘अ’ तुकडीत सुधारणा त्याहून कमी. पंधरा मिनिटांत एवढंच होणार होतं.

छात्राध्यापिकेच्या बाबतीत निकाल सरळ नाही. भौतिकशास्त्राच्या पुढच्या पाठांत तिने अंदाज लिहून घेणं चालू ठेवलं, साहित्याची जुळवाजुळव करताना ‘हे फसलं तर मुलं काय म्हणतील’ असा रकाना स्वतःच टाचणात वाढवला. पण वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचा पाठ तिने जवळजवळ संपूर्ण व्याख्यान म्हणून घेतला. विषय हातचा, त्यामुळे थांबायची गरज वाटली नाही. मार्गदर्शकांना याचं आश्चर्य वाटलं. मला फारसं नाही. ज्या विषयात आपण स्वतः कधी अडलोच नाही तिथे मूल कुठे अडेल हे सुचणं अवघड असतं.

निरीक्षण पत्रिकेत दोन मुद्दे वाढवले गेले. अनपेक्षित निरीक्षण किंवा उत्तर आलं का, आणि शिक्षकाने त्याचं काय केलं? मूल्यमापनात, उत्तर आधीच फळ्यावर नव्हतं, असा एक तरी प्रश्न होता का? यांना गुण कसे द्यायचे यावर प्राध्यापकांत मतभेद आहेत. पाठात काही अनपेक्षित घडलंच नाही तर रकाना रिकामा सोडायचा की शून्य द्यायचं, हा त्यातला एक प्रामाणिक आक्षेप. सध्या त्या दोन मुद्द्यांना गुण नाहीत, फक्त वर्णन लिहायचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मुलांना दिलेला तीन जागांचा प्रश्न छात्राध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच देता आला असता. विषयज्ञानाची चाचणी होते, पण तिच्यात सूत्रं आणि व्याख्या असतात. बाण काढायला सांगितले असते तर बारीक होत जाणारे बाण सराव पाठाच्या किती तरी आधी दिसले असते, आणि ते फक्त तिच्याच वहीत दिसले असते असं मला वाटत नाही.

साहित्य तपासणं म्हणजे बल्ब लागतो का पाहणं, एवढाच अर्थ सगळ्यांनी घेतला होता. ऐनवेळी एक भाग बदलला तर प्रयोग पुन्हा पूर्ण मांडून पाहायचा, हा साधा नियम असता तर तिला वर्गात शिरण्याआधीच लालसर बल्ब दिसला असता. तसं झालं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं, हेही खरं.

मार्गदर्शकांनी चिठ्ठी पाठवली ती शेवटी. मुलगा ‘पण दिसतंय ना’ म्हणाला त्याच वेळी ‘बल्ब अदलाबदल करून पाहा’ एवढी चार शब्दांची चिठ्ठी गेली असती तर? मार्गदर्शकांना अजूनही हा पर्याय जोखमीचा वाटतो, कारण अदलाबदलीनंतर जे दिसलं असतं त्याचा अर्थ तिला त्या क्षणी लावता आला नसता. माझं मत वेगळं आहे. अर्थ लागला नसता तरी ‘पहिला खातो’ हे तरी तिथेच मोडलं असतं, आणि उरलेलं कोडं ‘उद्या बघू’ म्हणून उघडं ठेवता आलं असतं.

आणि शाळेतल्या शिक्षिकांना टाचणाच्या वेळीच सोबत घ्यायला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या डब्यात दोन प्रकारचे बल्ब मिसळले आहेत हे त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.